गर्दी वाढीला नेमकी कुठे अडवते?

(आखाडा बाळापूर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



पेशींची वसाहत वाढत जाते, दाटी होते आणि मग वाढ मंदावते. ही दाटी गणितात कशी मांडायची, हा आजचा विषय. विषय प्रयोगशाळेतला वाटेल, पण आखाडा बाळापुरात त्याची सुरुवात सोयाबीनच्या बियाण्यापासून करणे सोयीचे आहे. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचे कल्चर लावायचे, हे आता इथे कोणाला सांगावे लागत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम अशी राहिली आहे. खत नियंत्रण आदेशानुसार पावडरच्या रूपातल्या संवर्धकात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत, म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात साडेबाराशे कोटी. दहा किलोत सोयाबीनचे दाणे भरतात लाखाच्या आतबाहेर. हिशेब सरळ आहे: दाण्यामागे सुमारे सव्वा लाख जिवाणू. दाणा जमिनीत पडल्यावर त्यांतले पुष्कळ मरतात, उरलेले वाढीला लागतात. मग हे वाढीला लागलेले जीव थांबतात कुठे आणि कशामुळे? झाडाच्या मुळावर पन्नास गाठी आल्या तर त्या पाचशे का नाहीत?

‘गर्दी झाली म्हणून’ हे उत्तर चटकन सुचते आणि ते खोटेही नाही. पण त्या उत्तराच्या पोटात निदान चार निराळी कारणे दडलेली असतात: अन्न संपणे, स्वतःच टाकलेल्या मळाने भोवताल बिघडणे, जागा न उरणे आणि थांबण्याचा निरोप मिळणे. अडचण ही, की चारही कारणांनी कागदावर उमटणारी वाढीची रेषा जवळपास सारखीच दिसते. म्हणून आज माझे म्हणणे एवढेच आहे की रेषा जुळली म्हणजे कारण सापडले असे मानू नये. अडवणूक कुठे आहे हे ज्या प्रारूपातून कळते, आणि ती दूर केल्यावर काय होईल हे जे आधी सांगते, तेच प्रारूप कामाचे. या म्हणण्याला आधार काय, आणि त्यावर कोणते आक्षेप येतात, ते आता पाहू.

आधी अडथळा नसलेली वाढ पाहू. आपल्या आतड्यात राहणारा कोलाय जिवाणू उत्तम पोषण मिळाले तर सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. तासाला तीन दुपटी, दिवसाला बहात्तर. एका जिवाणूचे वजन ग्रॅमच्या एक लाख-कोटीव्या भागाएवढे धरले, तर एकाच जिवाणूची संतती चोवीस तासांत साडेचार हजार टनांच्या वर जाईल आणि साधारण ४४ तासांत तिचे वजन पृथ्वीच्या वजनाला भिडेल. चक्रवाढ व्याजाची झळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. प्रत्यक्षात काय होते? चाचणीनळीतल्या पोषक रशात मिलिलिटरला शंभर कोटींच्या आसपास संख्या गेली की वाढ ओसरते. एकापासून तिथवर यायला तीसच दुपटी लागतात, म्हणजे दहा तास. पृथ्वीएवढ्या ढिगाची गोष्ट दहाव्या तासाला मिटते. हे मिटणे समीकरणात बसवण्याचा पहिला नेटका प्रयत्न बेल्जियमच्या फेरहुल्स्ट या गणितज्ञाने १८३८ मध्ये केला, तोही माणसांच्या लोकसंख्येसाठी. त्याची कल्पना साधी होती. वाढीला एक कमाल मर्यादा आहे असे धरा. त्या मर्यादेपैकी जितका वाटा अजून रिकामा, तितक्या प्रमाणात प्रत्येकाचा वाढीचा वेग. सुरुवातीला रान मोकळे, वेग पूर्ण, अर्धी मर्यादा भरली की दरडोई वेग निम्मा, मर्यादेपाशी शून्य. यातून आडव्या ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा मिळते. तिला लॉजिस्टिक वक्र म्हणतात.

हे समीकरण जिवाणूंना लावणाऱ्या पहिल्या निबंधांपैकी एक हिंदुस्थानात काम करणाऱ्या दोन डॉक्टरांनी लिहिला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अँडरसन मॅकेंड्रिक आणि त्यांचे सहकारी एम. केशव पै यांनी १९११ मध्ये सूक्ष्मजीवांच्या वाढीच्या वेगावरचा गणिती निबंध एडिंबराच्या रॉयल सोसायटीच्या कामकाजात छापला. रशात वाढणाऱ्या जिवाणूंचा वेग त्यांची संख्या आणि उरलेले अन्न या दोहोंच्या गुणाकारावर चालतो, असे त्यांनी धरले आणि फेरहुल्स्टचीच रेषा हाती आली. इथे मर्यादेला एक ठोस अर्थ मिळाला: अन्न. हीच मला महत्त्वाची वाटणारी पायरी. समीकरणातल्या अक्षराच्या जागी वस्तू आली की ती वस्तू वाढवून-घटवून पाहता येते. तीस वर्षांनी पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी नेमके तेच केले. माध्यमातली साखर दुप्पट केली की शेवटी उरणारे जिवाणूंचे पीकही दुप्पट येते, हे त्यांनी मोजून दाखवले. त्यांच्या नळ्यांत लगाम अन्नाच्या हाती होता, याबद्दल मग वाद उरला नाही.

सगळीकडे मात्र असे होत नाही. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातले एच. जी. थॉर्नटन मातीतले जिवाणू बशीत वाढवून मोजण्यासाठी आगराचे चांगले घट्ट माध्यम बनवत होते. या मोजणीत एक त्रास असतो. बशीवर दाटी झाली की वसाहती खुरटतात, एकमेकींत मिसळतात. म्हणून आजही मोजणीला साधारण ३० ते ३०० वसाहती उगवलेलीच बशी धरतात. पाकिटावर छापलेला कोटींचा आकडासुद्धा असा, गर्दी टाळण्यासाठी विरळ करत नेलेल्या बशीवरून उलटा गुणून काढलेला असतो. काही जिवाणू तर सरळ पसरून सगळी बशी गिळतात. अशाच एका पसरणाऱ्या जिवाणूच्या वसाहतीचे क्षेत्रफळ थॉर्नटन यांनी रोज मोजले आणि ते आकडे लोटका या गणितज्ञाने १९२५ च्या आपल्या ग्रंथात लॉजिस्टिक वाढीचे उदाहरण म्हणून दिले. आरंभी ०.२४ चौरस सेंटिमीटर, मग एकेका दिवसाने २.७८, १३.५३, ३६.३, ४७.५ आणि ४९.४. रेषा फारच सुरेख बसते. पण हेच सहा आकडे दुसऱ्या तऱ्हेने वाचून पाहा. वसाहत गोल धरून क्षेत्रफळावरून त्रिज्या काढली तर ती ०.२८, ०.९४, २.०८, ३.४०, ३.८९ आणि ३.९७ सेंटिमीटर येते. पहिल्या दिवशी वाढ पाऊण सेंटिमीटरहून कमी, पुढचे दोन दिवस सव्वाच्या अलीकडे-पलीकडे, आणि मग एकदम अर्ध्यावर आणि जवळजवळ शून्यावर. म्हणजे असेही म्हणता येते की मधल्या काळात कड जवळपास ठरलेल्या चालीने पुढे सरकत होती आणि नंतर पुढे काहीतरी आडवे आले. या वाचनात प्रत्येक पेशीचा वेग हळूहळू घटतो हे मानावे लागत नाही. कडेवरच्या पेशी भराभर वाढतात, आतल्या जवळपास थांबलेल्या असतात. दोन्ही गोष्टींनी रेषा एसचीच निघते. आकडे तेच राहिले, आणि पेशीच्या आयुष्याबद्दलचे निदान मात्र पुरते बदलले.

रेषेच्या मोहाचे दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. तेच मॅकेंड्रिक पुढे स्कॉटलंडला परतले आणि १९२७ मध्ये विल्यम कर्मॅक यांच्याबरोबर त्यांनी साथीच्या रोगांचे गणित मांडले. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांतून ज्या आलेखांची चर्चा चाले, त्यांचे मूळ त्या निबंधात आहे. गणित तपासायला त्यांनी घेतले मुंबई बेटावरच्या प्लेगचे आकडे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवड्यागणिक मृत्यू. वर चढून खाली उतरणारी घंटेच्या आकाराची रेषा त्या आकड्यांवर चपखल बसली. प्लेग उतरला कारण बळी पडू शकणारे कमी झाले, असा त्या रेषेचा अर्थ. पण मुंबईचा प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत फिरत होता, आणि उन्हाळा तापला की दरवर्षी ओसरत होता. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली समजून आपण गणित केले आहे आणि आपली गृहीतके काटेकोर नाहीत, हे लेखकद्वयाने प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. नंतरच्या अभ्यासकांनी ऋतुमान धरून तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा पहिली जुळणी बरीचशी योगायोगाची ठरली. लेखकांची सावधगिरी पुढच्या पाठ्यपुस्तकांनी गाळली आणि चित्र तेवढे ठेवले. विज्ञानाच्या पुस्तकांत असे वारंवार घडते, हे जाता जाता सांगतो.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो व्यवहारी माणसाचा आहे. कारण काहीही असो, रेषा जुळते ना? मग तिच्यावरून पुढचे सांगता येते. दही किती वाजता लागेल एवढेच मला हवे, का लागते ते नको. हे मान्य करायला हवे: परिस्थिती जशीच्या तशी राहणार असेल तर जुळलेली रेषा पुरते. परिस्थिती हलली की मात्र ती तोंडघशी पाडते. अमेरिकेत पर्ल आणि रीड यांनी १७९० पासूनच्या जनगणनांना हाच वक्र लावून १९२० मध्ये सांगितले की देशाची लोकसंख्या सुमारे १९ कोटी ७० लाखांवर स्थिरावेल. मागचे आकडे अगदी नेटके बसले होते. आज ती ३३ कोटींच्या पुढे आहे. १९४० मध्ये विल्यम फेलर या गणितज्ञाने दाखवून दिले की त्याच आकड्यांना इतर एस-आकाराच्या रेषाही तितक्याच, काही वेळा जास्तच, चांगल्या बसतात. अर्बुदांच्या वाढीला १९६४ पासून गॉम्पर्ट्झची रेषा लावतात. ती मूळ १८२५ ची, माणसांच्या मृत्युमानाचा हिशेब करणाऱ्या विमा-गणितीची! ती बसते, उपयोगाचीही आहे. पण पेशी का थांबतात याबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखे फार थोडे आहे.

आता दह्याचेच घेऊ, कारण लगाम कुणाच्या हाती आहे हे ओळखायची रीत तिथे स्वच्छ दिसते. दुधात साखर असते शंभराला साडेचार-पाच ग्रॅम. विरजणातले जिवाणू ती खाऊन लॅक्टिक आम्ल टाकतात, आम्लता ४.६ पीएचच्या आसपास आली की दूध घट्ट होते, आणि पुढे जिवाणूंची वाढही मंदावते. दही लागले त्या वेळी साखर संपलेली असते का? नाही. तिचा मोठा भाग शिल्लक असतो. मग अन्नाचा लगाम हे निदान बाद झाले. संशय आम्लावर जातो, आणि तो खरा की खोटा हे तपासता येते. विरजणाचे जिवाणू कारखान्यात वाढवणारे लोक टाकीत सतत थोडा अल्कली सोडून आम्ल मारत राहतात. तसे केल्यावर त्याच जिवाणूंची दाटी साध्या दुधातल्यापेक्षा कित्येक पट वर जाते. जो आकडा त्या दुधाची कमाल मर्यादा वाटत होता, तो आम्लाच्या सोसण्याचा आकडा निघाला. फेरहुल्स्टच्या समीकरणात हा फरक दिसत नाही. आम्ल हे स्वतंत्र पद म्हणून लिहिले, त्याच्या निर्मितीचा आणि जाचाचा हिशेब वेगळा ठेवला, की दिसतो.

आगरावरच्या वसाहतीत प्रश्न आणखी निराळा होतो, कारण तिथे ढवळणे नसते. ढवळलेल्या रशात प्रत्येक पेशीला भोवतालची दाटी सारखीच भेटते, म्हणून सरासरीने काम भागते. घट्ट माध्यमावर कडेची पेशी मोकळ्या अंगणात असते आणि मधली गाडलेली. सरासरी दाटी तिथे तशीच फसवते, जशी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद पीकविम्याच्या वेळी आपल्याला फसवते: मंडळात पाऊस पडला, आपल्या शिवारात पडला की नाही ते कागदाला ठाऊक नसते. म्हणून १९६१ मध्ये मरे ईडन यांनी चौकटींच्या जाळ्यावर प्रारूप मांडले. पेशीच्या शेजारी रिकामी चौकट असेल तरच तिची प्रत पडायची. एवढ्या एका नियमातून खडबडीत कडेची, आतून भरीव, फक्त काठाने वाढणारी वसाहत तयार होते. १९६७ मध्ये पर्ट यांनी जिवाणू आणि बुरशीच्या खऱ्या वसाहतींची त्रिज्या बराच काळ सरळ रेषेत वाढते हे मोजले आणि काठाच्या अरुंद पट्ट्यातच वाढ चालते, असा त्याचा अर्थ लावला. त्याआधी, १९३२ मध्येच, मेनॉर्ड यांना उंदरांच्या एका अर्बुदात हेच आढळले होते. व्यास दिवसागणिक सारखा वाढे, कारण वरच्या पातळ थरातच पेशी दुपटत होत्या. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे काप तपासून कारणही दाखवले. रक्तपुरवठ्यापासून सुमारे १८० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी अंतरापलीकडे प्राणवायू पोचत नाही आणि पेशी मरतात. या सीमेवरच्या, गुदमरलेल्या पण जिवंत पेशी किरणोपचाराला दाद देत नाहीत, म्हणून हे अंतर कागदी राहिले नाही. किरणोपचारावरच्या पुढच्या संशोधनाला त्याने दिशा दिली. एका सरासरी आकड्यातून हे कधी कळले नसते.

प्राण्यांच्या पेशींकडे वळताना एका मराठी नावाचा उल्लेख आवश्यक आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी-संवर्धन शिकल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या अर्बुदातून घेतलेल्या हेला पेशी अखंड वाढू लागल्या. परत आल्यावर डॉ. खानोलकरांच्या मुंबईतल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रणदिव्यांनी देशातली पहिली पेशी-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आज पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभर पेशी पुरवते. अशा पेशी बशीत वाढवताना एक विलक्षण गोष्ट दिसते. निरोगी पेशींनी तळ भरून एक थर झाला की त्या थांबतात. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी मात्र एकमेकींवर चढत राहतात. मायकेल ॲबरक्रॉम्बी यांनी १९५०च्या दशकात स्पर्श झाल्यावर पेशींची हालचाल थांबते हे नोंदले, आणि मग वाढही स्पर्शानेच थांबते असे सगळे म्हणू लागले. थांबण्याचा निरोप शेजारणीच्या स्पर्शातून येतो, हे स्पष्टीकरण देखणे होते. म्हणूनच ते तपासायला हवे होते.

तपास कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. हॉली आणि कीर्नन यांनी १९६८ मध्ये त्याच बशीत वाढ-घटक पुरवणारा रक्तरस (सीरम) वाढवला. स्पर्श होता तसाच राहिला, तरी पेशी अधिक दाटीपर्यंत वाढल्या. म्हणजे निदान काही अंशी लगाम वाढ-घटकांच्या तुटवड्याचा होता. मायकेल स्टोकर यांनी १९७३ मध्ये पेशींवरचे माध्यम नुसते हलते ठेवले. दाट थरातल्या पेशींची वाढ त्यानेही वाढली, कारण पेशींना चिकटून असलेल्या स्थिर द्रवाच्या पातळ थरातून पोषण झिरपायला वेळ लागतो. इथवर पाहता स्पर्शाचे पारडे हलके झाले होते. मग १९७८ मध्ये फोकमन आणि मॉस्कोना यांनी उलटी चाल केली. पेशी विरळच ठेवल्या, पण बशीचा चिकटपणा कमी करून त्यांना नीट पसरू दिले नाही. गर्दीत पेशीचा जो आखडलेला आकार होतो, तो गर्दीशिवाय दिला. वाढ गर्दीतल्यासारखीच मंदावली! २००७ च्या सुमारास पेशीच्या आतला एक संदेशमार्गही उलगडला. विरळ असताना वाय-ए-पी नावाचे प्रथिन केंद्रकात राहून वाढीची जनुके चालवते, दाटी झाली की ते केंद्रकाबाहेर जाते. म्हणजे उत्तर एक नाहीच. अन्न, प्रवाह, आकार आणि निरोप हे सगळे लगाम एकाच बशीत असतात आणि त्या दिवशी ज्याची ओढ जास्त, तो थांबवतो.

आणि गर्दी दर वेळी अडवतेच असेही नाही. वॉर्डर ॲली यांनी १९३० च्या दशकात दाखवले की चांदीच्या विषारी कणांच्या पाण्यात एकटा गोल्डफिश लवकर मरतो, दहा एकत्र असले तर जास्त तगतात, कारण त्यांच्या अंगचा बुळबुळीत स्राव विष बांधून ठेवतो. पेशींचेही तसेच. एकटी पेशी बशीत टाकली तर बहुधा जगत नाही. १९५५ मध्ये पक आणि मार्कस यांनी किरणांनी वांझ केलेल्या पेशींचा थर खाली अंथरला, तेव्हा एकेकट्या पेशींपासून वसाहती उभ्या राहिल्या. वांझ पेशी वाढत नव्हत्या, पण त्यांचा सहवास लागत होता. फेरहुल्स्टच्या समीकरणात एकट्या पेशीचा वेग सगळ्यांत जास्त. इथे ते साफ चुकते, आणि चूक आकड्यांची नसून रचनेचीच आहे. चुकणे उघड दिसते, हा मी अशा प्रारूपाचा गुण मानतो.

यावर गणित जाणणाऱ्यांचा आक्षेप वेगळा येतो, आणि तो जास्त बोचरा आहे. त्यांचे म्हणणे असे: तुम्ही अन्नाचे पद घातले, आम्लाचे घातले, शेजाऱ्यांचे घातले, आता संगणकावर पेशी न् पेशी वेगळी धरता, इतक्या किल्ल्या हातात असल्यावर कोणतेही कुलूप उघडेल. साधी रेषा निदान प्रामाणिक होती. यात तथ्य आहे. दहा आकड्यांना सात अज्ञात स्थिरांक लावले तर जुळणी झाल्याचा आनंद मानू नये. म्हणूनच जुळणी ही कसोटीच धरू नका, असे मी म्हणतो. प्रारूपाने प्रयोगाआधी सांगावे: साखर दुप्पट केली तर काय, आम्ल मारले तर काय, माध्यम हलवले तर काय. अन्नाचे प्रारूप सांगेल पीक दुप्पट, आम्लाचे सांगेल काही फरक नाही, जागेचे सांगेल कड आधी जिथे अडली तिथेच अडेल. प्रारूपांची भाकिते अशी वेगळी असली की एक-दोन साधे प्रयोग त्यांतली दोन खोटी पाडतात. जी पदे कोणतेच वेगळे भाकीत करत नाहीत, ती खुशाल खोडावीत. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा ज्या जिल्ह्यात होते आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना एवढ्या गणिताचे भय वाटू नये.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा: नळी आणि बशी ठीक, रानात काय? तर पुन्हा सोयाबीनच्या मुळाकडे येऊ. गाठी पन्नासच का, याचे उत्तर जागा संपली असे वाटते. पण मूळ तर बरेच रिकामे दिसते. जिवाणू संपले म्हणावे, तर मातीत ते पुष्कळ असतात. १९८४ मध्ये कोसलक आणि बोहलूल यांनी एका रोपाचे मूळ दोन भागांत विभागून दोन कुंड्यांत ठेवले. एका बाजूला जिवाणू आधी दिले, दुसऱ्या बाजूला काही दिवसांनी. दुसऱ्या बाजूला मूळ मोकळे होते, जिवाणू भरपूर होते, तरी गाठी फारच कमी आल्या. पहिल्या बाजूची खबर झाडामार्फत दुसरीकडे पोचली होती. पुढच्याच वर्षी कॅरॉल, मॅकनील आणि ग्रेसहॉफ यांनी ब्रॅग जातीच्या सोयाबीनमध्ये असे वाण मिळवले, ज्यांच्यात हा लगामच नव्हता. गाठी कित्येक पट आल्या. कलमे करून पाहिल्यावर कळले की लगाम मुळात नसून शेंड्याकडच्या भागात, पानांत आहे. २००३ मध्ये त्याचे जनुकही सापडले. लगाम काढला, गाठी वाढल्या, उत्पन्नाचे काय? ते वाढले नाही; सहसा रोपेच खुरटली, कारण प्रत्येक गाठ झाडाकडून साखर मागते. गाठी जितक्या जास्त तितके चांगले, हा समज इथे संपतो. जास्त दाट पेरले म्हणून दुप्पट माल येत नाही हे आपण जाणतोच; मुळावरच्या दाटीचा हिशेब झाड स्वतः ठेवते, एवढी त्यात भर.

कल्चरच्या पाकिटाकडे याच नजरेने पाहायला हवे. दाण्यामागे सव्वा लाख हा आकडा पाकीट ताजे असेल, सावलीत ठेवले असेल आणि बुरशीनाशक-कीटकनाशकाची प्रक्रिया आधी उरकून जिवाणू शेवटी लावले असतील, तेव्हाचा. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या रानात जुने रायझोबियम आधीच ठाण मांडून असतात. नव्या जिवाणूंना रिकामे मूळ मिळत नाही, गाठीत शिरायला चढाओढ करावी लागते. तिथे दुप्पट मात्रा देऊन फरक पडेलच असे नाही. पहिल्यांदाच सोयाबीन घेतलेल्या रानात मात्र लगाम जिवाणूंच्या संख्येचाच असू शकतो आणि कल्चर खरे काम करते. दोन्ही रानांत गाठींची संख्या मोजली तर कदाचित सारखीच भरेल, पण सल्ला सारखा देता येणार नाही.

तेव्हा एक विनंती करतो, शेतकऱ्यांना आणि इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञान शिक्षकांना. येत्या खरिपात सोयाबीनच्या रानात दोन तासे कल्चर न लावता पेरा आणि खुंटी ठोकून ठेवा. पेरणीला पाच-सहा आठवडे झाले की दोन्हीकडची पाच-पाच झाडे उपटू नका, खुरप्याने मातीसकट खणून काढा आणि मुळे पाण्यात हळू धुवा. गाठी मोजा, त्या सोटमुळाजवळ आहेत की टोकाकडे ते पाहा, आणि ब्लेडने कापून आतला रंग बघा: गुलाबी असेल तर गाठ काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. वहीत रानाचे नाव, पेरणीची तारीख, पाकिटावरची मुदत आणि हे आकडे लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच रानात एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजा.